सावलीतल्या बायका

मंगळवारी सकाळी मायने माझ्याशी पाण्यावरून भांडण काढलं. सोमवार आणि गुरुवार तिचे डायलिसिसचे, त्यामुळे मंगळवार बरा जायचा. अंगावरची सूज उतरलेली असायची, तोंडाला थोडी चव असायची आणि बोलण्यात जोर यायचा. दिवसाला पाऊण लिटरच्या वर पाणी द्यायचं नाही असं जिल्ह्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मी सकाळीच तेवढं मोजून तांब्यात भरून ठेवत असे. दहा वाजता तिने तांब्या हलवून पाहिला.

"नले, या तांब्याले भोक पडलं काय व?"

"नाही, माय."

"मंग पाणी कुठी गेलं?"

"तू प्यायलीस. चहा धरून."

"चहा पाण्यात धरतेत? कोन्या शाळेत शिकली तू?"

मी हसले. ती हसली नाही. अंगणातल्या बाजेवर बसून ती गोधडीला टाके घालत होती. सुई ओवायला तिने ती माझ्या हातात दिली आणि मी दोरा ओवत असताना तांब्यातला एक घोट घेऊन टाकला. मला दिसलं होतं. मी ओवलेली सुई तिला परत दिली.

तेवढ्यात प्रमिलावहिनी शेजारच्या घरातून ताक घेऊन आल्या. ताक मायला चालत नव्हतं. ते माझ्यासाठी होतं. दिगंबरदादा, माझा थोरला भाऊ, आणि वहिनी एका भिंतीपलीकडे राहत. वहिनी सासूला मामी म्हणत. माय आणि मी अलीकडे. वहिनी वाकून तांब्याशेजारी पेला ठेवत असताना मायने त्यांचा हात धरला.

"तुह्ये डोये सुजले व."

"झोप नाही झाली, मामी."

"माह्येही असेच सुजत होते. मीही झोपेवरच ढकललं."

दादा दाराशी मोटरसायकल पुसत होता. तो तिथूनच म्हणाला, "माय, तिले काऊन भेव दाखवून राहिली? आपल्या गावात बायकांले ते होत नाही. डॉक्टरनं लिवून देलं आहे."

माय गोधडीवरून मान वर न करता म्हणाली, "मंग मी काय बुवा हाव?"

आम्ही सगळे हसलो. दादा सगळ्यात जास्त हसला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. माय मात्र टाके घालत राहिली. संध्याकाळी तिने मुगाचं वरण आणि अर्धी पोळी खाल्ली आणि उद्या केस धुऊन दे म्हणून मला सांगून ठेवलं.

बुधवारी सकाळी सात वाजता चहा पिता पिता ती भिंतीला टेकली आणि पुन्हा सरळ झाली नाही. त्रेसष्ट वर्षांची होती.

याला आता सहा वर्षं झाली. त्या दिवसांत आलेल्या माणसांनी जे शब्द वापरले ते मी अजून विसरलेले नाही. जो यायचा तो म्हणायचा, सुटली. दीड वर्ष आठवड्यातून दोनदा चाळीस किलोमीटर एसटीने जाऊन, चार तास दंडात दोन सुया घेऊन पडून, पुन्हा चाळीस किलोमीटर परत येणारी बाई सुटली म्हणे. मला त्या प्रत्येकाला विचारायचं होतं की तिला बांधलं कुणी. मी विचारलं नाही. मी सगळ्यांना चहा दिला.

दादा दहाव्या दिवशी म्हणाला, माय जायचीच होती, वय झालं होतं. वय झालं होतं हे तो ज्या सहजतेने म्हणाला त्याचाही मला राग आला. पण दादावर चिडून उपयोग नव्हता. त्याच्या बोलण्यात दुसऱ्याचं वाक्य असायचं, आणि ते वाक्य कुणाचं ते मला ठाऊक होतं. बायकांना होत नाही. ते वाक्य डॉ. हिर्लेकरांचं होतं. त्याच दिवसांत, ते महिन्याभराने गावात येणार असल्याची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली, तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, राग कुणावर काढायचा ते ठरलं होतं आणि तो माणूस स्वतः चालून येत होता.

आमचं गाव पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात आहे. कौठळी. विहिरीचं पाणी तोंडात धरलं की जिभेवर मीठ राहतं, डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. माझ्या लहानपणापासून गावातले धडधाकट पुरुष चाळिशीतच फिके पडत, पायांवर सूज चढे, ओकाऱ्या सुरू होत आणि वर्ष-दोन वर्षांत ते जात. माझे वडील तसेच गेले. तेव्हा त्याला नाव नव्हतं. मायच्या मरणाच्या सात वर्षं आधी पुण्याहून डॉ. हिर्लेकर आले आणि त्यांनी नाव सांगितलं. मूत्रपिंडाचा आजार. तो इथे इतका का होतो, किती जणांना होतो आणि वेळेआधी कसा ओळखता येईल हे शोधण्यासाठी त्यांच्या संस्थेने नदीकाठची बारा गावं निवडली होती. आमचं गाव त्यात होतं. मी गावच्या वाचनालयात काम करत होते, पदवी झालेली होती आणि बायका माझं ऐकतील असं सरपंचांनी सांगितलं होतं. म्हणून गावातलं काम माझ्याकडे आलं.

डॉ. हिर्लेकर चांगला माणूस होता. हे लिहिताना मला त्रास होतो, पण होता. आमच्याच घरी जमिनीवर बसून जेवायचे, मायच्या हातची जवसाची चटणी मागून घ्यायचे. पाण्याचे नमुने स्वतः विहिरीत उतरून काढायचे. मला त्यांनी कामाची पद्धत नीट समजावली. आधी प्रत्येक प्रौढाची सकाळची पहिली लघवी तपासायची. तिच्यात प्रथिनं सापडली तर त्या माणसाचं रक्त घ्यायचं. लघवी स्वच्छ निघाली तर रक्त घ्यायची गरज नाही. साधी चाळणी होती ती. मोठ्या छिद्रांची आधी, बारीक छिद्रांची नंतर.

बाटल्यांवर नाव लिहायचं होतं, पूर्ण. स्वतःचं, बायकांच्या बाबतीत नवऱ्याचं, मग आडनाव.

मी त्यांना म्हटलं होतं, "सर, नुसते नंबर टाकले तर?"

"नंबर पुसले जातात, ताई. तुमच्या गावात द्वारकाबाई किती?"

"चार."

"मग? चुकून एकीची बाटली दुसरीच्या नावावर गेली तर सगळं काम वाया जाईल."

मी आणखी एकदा सांगून पाहिलं की बायकांना ते आवडणार नाही. ते म्हणाले की मतदारयादीत, रेशनकार्डावर तसंच नाव असतं, तिथे आवडतं ना.  माझं अक्षर चांगलं होतं. दोनशे अडतीस बायकांची नावं मी काळ्या शाईने, नवऱ्यांच्या नावांसकट, छोट्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर लिहिली. बाटल्या घरोघर वाटल्या. सकाळी सात ते नऊ या वेळात ज्याची त्याने शाळेच्या ओसरीवरच्या टेबलावर आणून ठेवायची होती. ओसरीसमोर पार आहे आणि पारावर सकाळी सात ते नऊ गावातले सगळे रिकामे पुरुष बसलेले असतात.

पुरुषांच्या बाटल्या दोन दिवसांत आल्या. बायकांच्या चार दिवसांत अकरा. त्यातल्या बहुतेक शिक्षकांच्या आणि ग्रामसेवकाच्या घरच्या, बाहेरगावच्या.

बनाबाई इंगळे बाटली परत घेऊन माझ्याकडे आली. सत्तरीची, ताठ कण्याची, तोंडाने फटकळ. तिने बाटली माझ्या टेबलावर आपटली नाही. हळूच ठेवली, दोन्ही हातांनी.

"यावर माह्या मालकाचं नाव आहे ना?"

"आहे, बनाआजी."

"पन्नास वर्षांत मी तोंडानं घेतलं नाही ते. आन तू मले सांगतं का त्याच्यात मूत?"

घरी मायने तेच केलं होतं. बाटली धुऊन पुसून तिने वडलांच्या फोटोशेजारी फळीवर ठेवली होती. नाव आहे त्यायचं, फेकता येते काय, असं म्हणाली. मी चिडले. शिकलेल्या माणसाला अशा वेळी जी चीड येते ती. मी तिला आरोग्यावर भाषण दिलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि भाकरी थापायला बसली.

पाचव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. बायकांचे नमुने ऐंशी टक्क्यांच्या आत राहिले तर गाव अभ्यासातून वगळावं लागेल असं ते म्हणाले. वगळलं म्हणजे पुढे येणारं पाणी शुद्ध करायचं यंत्र नाही, तपासणीची शिबिरं नाहीत, काही नाही. त्यांच्या आवाजात दटावणी नव्हती, हळहळ होती. मी घरोघर पुन्हा फिरले. पुढच्या तीन दिवसांत एकशे एक्याण्णव बाटल्या आल्या. बहुतेक तरुण मुलींनी आणून ठेवल्या. आईची, काकूची, आजीची. मी प्रत्येकीपुढे यादीत खूण केली आणि प्रत्येक पानावर सही केली. गाव अभ्यासात राहिलं. यंत्रही बसलं, वर्षभर चाललं.

महिन्याने प्रत्येकाला छापील कागद मिळाला. मायच्या कागदावर लिहिलं होतं : मूत्रतपासणी सामान्य. तिने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डासोबत ठेवला.

अभ्यासाचा निबंध दोन वर्षांनी इंग्रजीत प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी मला पाठवला. मी तो तीनदा वाचला. पुरुषांमध्ये शंभरात सतरा जणांच्या लघवीत प्रथिनं सापडली होती. बायकांमध्ये शंभरात दोन. आमच्या गावात तर दीड. खाली त्याची कारणमीमांसा होती. बायकांचं काम प्रामुख्याने घरात आणि सावलीत असल्यामुळे त्यांना उष्णतेचा ताण कमी पडत असावा, असं एक अनुमान होतं. शेवटच्या पानावर आभार होते आणि त्यांत माझं नाव होतं. मी ते पान मायला दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने माझ्या नावावरून बोट फिरवलं.

त्या तपासणीनंतर चार वर्षांनी मायचे गुडघे आणि घोटे दुखायला लागले. पायांवर सूज असायची. मी तिला तालुक्याला डॉ. अढाऊंकडे नेलं. त्यांनी आधी तेच विचारलं. तुमच्या पट्ट्यातल्या माणसाला विचारावंच लागतं, म्हणाले, किडनीची तपासणी कधी केली होती का. मायने पिशवीतून तो कागद काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तो पाहिला. मोठ्या संस्थेचं नाव पाहून ते निर्धास्त झाले. शिवाय बायकांमध्ये तुमच्याकडे प्रमाण फारच कमी आहे, असंही म्हणाले. संधिवात ठरला. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. महिन्याच्या गोळ्या संपल्या की मी त्याच चिठ्ठीवर नव्या आणायचे. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते त्या दिवशी.

पुढे सव्वा वर्षाने ओकाऱ्या थांबेनात म्हणून जिल्ह्याला नेलं. रक्त पहिल्यांदा तपासलं गेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची चिठ्ठी पाहिली आणि मला बाजूला घेऊन विचारलं की किडनी खराब होत असलेल्या माणसाला या गोळ्या कुणी दिल्या. मी डॉ. अढाऊंचं नाव सांगितलं. मग संस्थेच्या कागदाबद्दल सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कमाल आहे. त्यानंतर डायलिसिस.

ग्रामसभा समाजमंदिरात होती, रविवारी अकरा वाजता. मायला जाऊन बत्तीस दिवस झाले होते. पुरुष खुर्च्यांवर, बायका एका बाजूला सतरंजीवर. डॉ. हिर्लेकरांचे केस पांढरे झाले होते. आत येताना त्यांनी मला पाहिलं, जवळ आले आणि हात जोडून म्हणाले की आईंबद्दल कळलं, चटणीची चव अजून आठवते. मी हात जोडले. चटणीचं ऐकून माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

पडद्यावर चित्रं आली. लाल खांब पुरुषांचा, निळा बायकांचा. निळा खांब इतका बुटका होता की मागच्या रांगेतून तो दिसत नसेल. डॉक्टरांनी साध्या भाषेत सगळं सांगितलं. अभ्यासाची दखल आरोग्य खात्याने घेतली होती. जानेवारीपासून दरवर्षी एक तपासणीची गाडी बाराही गावांत येणार होती, आणि ती थेट रक्त तपासणार होती. साधनं मर्यादित असल्यामुळे तीस ते साठ वयाच्या पुरुषांचीच तपासणी व्हायची होती. तेवढ्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता.

कुणीतरी विचारलं, बायकांचं काय.

"बायकांमध्ये धोका फार कमी आहे, हे आपल्या अभ्यासाचं महत्त्वाचं निष्पन्न आहे," डॉक्टर म्हणाले. "त्यांचं बरंचसं काम घरात, सावलीत होतं. ही एक चांगली गोष्ट आहे."

सतरंजीवर जरा हालचाल झाली. तिथे बसलेल्या बायकांपैकी निम्म्या सकाळी निंदणाला जाऊन, अर्धी पात टाकून सभेला आल्या होत्या. बनाबाई पुढेच बसली होती. सत्त्याहत्तरची झाली होती, कणा अजून ताठ.

"साहेब," ती म्हणाली, "आमी सावलीत राहतो हे आमाले आजच समजलं."

पुरुषही हसले. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "आजी, मी आकड्यांवरून बोलतोय."

दादा दुसऱ्या रांगेत होता. त्याने मागे वळून वहिनींकडे पाहिलं आणि मान हलवली, बघ, मी काय सांगत होतो, अशी. वहिनी खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या पायांत जोडवी नव्हती. गेल्या आठवड्यात साबण लावून काढावी लागली होती. बोटांवर पांढरे वळ राहिले होते आणि घोट्यावर सतरंजीच्या विणीची नक्षी खोल उमटली होती. त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. कालच मी दादाला सांगितलं होतं की वहिनींचं रक्त तपासून आण. तो म्हणाला होता, उद्या सभा आहे, डॉक्टरलेच विचारू, तो सांगेल तसं.  आणि आता डॉक्टरांनी सांगितलं होतं.

सरपंचांनी ठराव वाचायला कागद हातात घेतला तेव्हा मी उभी राहिले.

माझी तयारी झालेली होती. महिनाभर मी दुसरं काहीच केलं नव्हतं. मी म्हणाले की बाटल्यांवर नवऱ्यांची नावं लिहू नका असं मी सरांना तेव्हा सांगितलं होतं. टेबल पारासमोर मांडू नका असंही सांगायला हवं होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही, पण बारा गावांत काम करणाऱ्यांच्या यायला हवं होतं. मग मी आकडे सांगितले. चार दिवसांत अकरा बाटल्या, नंतरच्या तीन दिवसांत एकशे एक्याण्णव.

"सर, हे आकडे तुमच्याकडे होते. त्यावरून तुम्हाला काही वाटलं नाही?"

 डॉक्टरांनी पडद्यावरच्या खांबांकडे पाहिलं.

"आम्हाला वाटलं, तुम्ही बायकांची समजूत काढलीत," ते म्हणाले. "खरं सांगू का, आम्हाला तुमचं कौतुक वाटलं. निबंधात आभार मानलेत आम्ही."

"माझी आई तुमच्या अभ्यासात निरोगी आहे, सर."

"ते माझ्याही मनात आलं. पण असे अपवाद असतात, नलिनीताई. एका व्यक्तीवरून..."

"अपवाद," मी म्हणाले.  संतापाने माणूस किती मूर्ख होतो ते मला त्या वेळी कळलं. इतकी वर्षं वाचलेली पुस्तकं, आणि मी तो एकच शब्द पुन्हा म्हणाले.

डॉक्टर मंचावरून खाली उतरले. त्यांचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं.

"ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण नमुने घेण्यात काही गैर झालं असेल तर ते त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी पुण्यात होतो. इथे तुम्ही होतात. प्रत्येक पानावर तुमचीच सही आहे."

"नले, बस खाली," दादा म्हणाला.

मी सतरंजीकडे पाहिलं. एकही बाई माझ्याकडे बघत नव्हती. ज्या मुलींनी बाटल्या आणून ठेवल्या होत्या त्या लग्न होऊन गावोगाव गेल्या होत्या. त्यांच्या आया, काकू, आज्या इथे बसलेल्या होत्या आणि सतरंजीचे धागे ओढत होत्या. त्या बोलणार नव्हत्या. शंभर पुरुषांसमोर कोण बोलेल, आणि का बोलावं. सरपंच कागद हातात धरून थांबले होते. वहिनी तेवढ्या वर बघत होत्या, सुजलेल्या पापण्यांतून, आणि त्यांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. सात वर्षांपूर्वी त्या बाळंतपणानंतर माहेरी होत्या.

डॉक्टर खरं बोलत होते. महिनाभर मी त्यांच्याविरुद्ध जे जे जमवलं होतं ते सगळंही खरं होतं. पण ते जमवताना मी एक गोष्ट बाजूला ठेवली होती. ती मी सात वर्षं बाजूलाच ठेवली होती. मायशीसुद्धा आम्ही दोघीच घरात असताना मी ती कधी बोलले नव्हते.

"बसत नाही, दादा," मी म्हणाले. मग डॉक्टरांकडे वळले.

"तुमचं बरोबर आहे. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या एकशे एक्याण्णव बाटल्यांतल्या किती खऱ्या होत्या मला माहीत नाही. पोरींनी भरल्या. कुणाकुणाच्या ते मी विचारलं नाही, कारण मला कळलं असतं. पाच मात्र माहीत आहेत. आमच्या गल्लीतल्या पाच वयस्कर बायकांच्या. त्या मी भरल्या. शाळेच्या संडासात, दोन दिवसांत, मुद्दाम चहा पिऊन."

कुणीतरी हसलं आणि थांबलं.

"त्यातली एक माझ्या आईच्या नावाची होती. तिने फळीवरून काढून स्वतः माझ्या हातात दिली. म्हणाली, तुह्या बापाचं नाव आहे, तुले चालते, मले चालत नाही. तिला काम अडवायचं नव्हतं. गाव वगळलं जाऊ नये म्हणून मीच तिच्या मागे लागले होते."

दादा उभा राहिला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी थांबले असते.

"पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं, किडनी कधी तपासली का. मायने तुमचा कागद काढून दिला आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला ठाऊक होतं तो कागद तिचा नाही. ती माझ्यासाठी थांबली होती. तिने स्वतः सांगितलं असतं तर माझं लबाडीचं काम उघडं पडलं असतं, म्हणून तिने माझ्यावर सोडलं. एकच वाक्य होतं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले. सव्वा वर्षं त्या गोळ्या मी माझ्या हाताने तिला दिल्या."

बनाबाईने मान वर केली. पुढचं मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले.

"सर, ती लघवी माझी होती. मायची कुणी तपासलीच नाही."